परसबाग कुणाच्या नावावर?

(बुलढाणा जिल्ह्यातील बचतगटांच्या आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मला इथं परसबागेवर बोलायला सांगितलं आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'पोषण' या सदरात माझं नाव घातलं आहे. पण या विषयातलं पोषण अर्ध्या वाटेवरच संपतं आणि पुढे मालकी सुरू होते, हे मला माझ्याच घरामागच्या तुकड्यानं शिकवलं. म्हणून आधी भाजीचं बोलते, मग कागदाचं. दोन्ही ऐकल्याशिवाय चहाला उठू नका.

मी समाजकार्याची पदवी घेऊन या जिल्ह्यात कामाला लागले त्याला आता बारा वर्षं झाली. लग्न होऊन आले ते एका तालुक्याच्या गावाच्या कडेला पडलेल्या नव्या वस्तीत. तुमच्या ओळखीचीच ही वस्ती. काल वावर होतं, आज लेआउट झालं. मुरूम टाकलेले रस्ते, अर्धी बांधलेली घरं, मधूनमधून रिकामे प्लॉट आणि त्यांवर बाभळी. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे त्या बायांना तिथंच राहायचं आहे.

आमचा प्लॉट तीस बाय पन्नास फुटांचा. पुढे घर आणि मागे वीस बाय तीसची मोकळी जागा, म्हणजे 600 चौरस फूट. गुंठ्याला 1089 चौरस फूट, तेव्हा अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. सुरुवातीला तिथं विटांचे तुकडे, सिमेंटची रिकामी पोती आणि गाजरगवत एवढंच होतं. सासूबाई मोताळा तालुक्यातल्या. आयुष्य वावरात गेलेलं. प्लॉटवर राहायला आल्यावर आठ दिवसांत त्या म्हणाल्या, "सूनबाई, एवढी जमीन उघडी ठेवून बाजारातून सांबार आणते का कोणी?" आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे बाहेरून आलेल्या मैत्रिणींसाठी सांगते. माझी पदवी आणि त्यांची अक्कल अशी दोघींच्या भांडवलावर ती बाग सुरू झाली.

आधी पोटाचा हिशोब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्यानं काढल्या. त्यांत दोन हजार उष्मांकांच्या आहारासाठी माणशी दिवसाला 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे. पालेभाजी, फळभाजी, कंद सगळं मिळून. आमच्या घरात चार माणसं. चार माणसांना दिवसाला 1600 ग्रॅम, वर्षाला 584 किलो. हा आकडा मी वस्तीतल्या बायांना सांगितला तेव्हा त्या हसल्याच. एक जण म्हणाली, "ताई, आमच्या घरी पावभर वांग्यात पाच माणसं जेवतात."

ती हसत म्हणाली, पण ते खरं आहे. 2019 ते 21 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच्या आधीच्या, 2015–16 च्या पाहणीत हा आकडा 48 टक्के होता. म्हणजे रस्ते वाढले, मोबाईल वाढले आणि बायांच्या अंगातलं रक्त घटलं. इथं बसलेल्या दर दोघींतली एक.

आपल्या जिल्ह्यात हे का व्हावं? आपला जिल्हा काही उपाशी मुलूख नाही. सोयाबीन आहे, कपाशी आहे, तूर आहे, हरभरा आहे. पण पिकतं त्यातलं घरात किती येतं? सोयाबीन वावरातून थेट बाजार समितीत जातं. ज्वारी मागे पडली. पूर्वी आपल्या सासवा कपाशीच्या पाळीत तूर, मूग, चवळी, अंबाडी टाकायच्या. ती बायांची ओळ असायची. तिची किंमत कुणी धरायचं नाही आणि तिच्यावर हक्कही कुणी सांगायचं नाही. निंदायला गेलेली बाई येताना ओट्यात घोळ, तांदूळजा, चिवळ घेऊन यायची. आता तणनाशक मारलं की सगळं एकदम जळतं. पुरुषाच्या लेखी ते तण, बाईच्या लेखी संध्याकाळची भाजी. फवारणीनं निंदणीची मजुरी गेली हे आपण बोलतो. भाजीही गेली हे बोलत नाही. आणि पूर्णेच्या खारपाण पट्ट्यात, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या मैत्रिणींना तर जमिनीखालचं पाणीच खारट. तिथं भाजी पिकवणं आणखी कठीण.

म्हणून घरामागचा तुकडा हा हौसेचा विषय नाही. बाईच्या हातून वावर सुटलं, त्यानंतर तिच्या हाताशी उरलेला तो शेवटचा तुकडा आहे.

आम्ही काय केलं

आता थोडं कामाचं सांगते. पुष्कळ जणींनी शिबिराच्या आधी विचारलं होतं.

पहिली गोष्ट माती. लेआउटवर माती नसतेच, मुरूम असतो. आम्ही खोदत बसलो नाही. जमिनीवर विटांचे वाफे आखले, तीन फूट रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. खाली पऱ्हाट्यांचे तुकडे, वर सोयाबीनचं कुटार, पालापाचोळा, शेजारच्या शेळ्यांच्या लेंड्या, घरातलं ओलं खरकटं आणि मग दोन-तीन इंच चांगली माती. पावसाळाभर ते कुजू दिलं. दिवाळीपर्यंत हात घातला तर मनगटापर्यंत आत जाईल अशी माती झाली.

ही युक्ती आमची नाही. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि शेतकऱ्यांना आपल्याच वावरात प्रयोग करून वह्या ठेवायला शिकवलं. दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं अशी त्यांची मांडणी होती. 2001 साली ते गेले, पण पालापाचोळ्यापासून माती करण्याची त्यांची रीत गच्च्यांपर्यंत पोचली. मुंबईत बंदर विश्वस्त मंडळाच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर फळभाज्या काढून दाखवल्या. गच्चीवर जमतं, तर आपल्या पायाखाली निदान मुरूम तरी आहे!

दुसरी गोष्ट पाणी. आमच्या वस्तीत नळाला रोज पाणी येत नाही, तुमच्याकडेही येत नाही. म्हणून न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी मोरीतून बाहेर काढून आधी वाळू-खडीच्या खड्ड्यात सोडलं. तिथं कर्दळ आणि अळू लावलं. त्यातून पुढे ते केळीला आणि पपईला जातं. पालेभाजीला साबणाचं पाणी देत नाही. तिला तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी आणि पावसाळ्यात पन्हाळीखाली भरलेले तीन ड्रम. वाफ्यावर कुटाराचं जाड आच्छादन ठेवलं तर निम्म्या पाण्यात भागतं, हा आमचा अनुभव. एप्रिल-मे महिन्यांत ऊन असं तापतं की वाफ्यावर जुन्या लुगड्याचा मांडव करावा लागतो. त्या दोन महिन्यांत फक्त माठ, पोई आणि शेवग्याचा पाला. उन्हाळ्यात खूप मिळेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तिसरी गोष्ट, जागा उभी वापरायची. कुंपणाला वाल, दोडकं, कारलं. न्हाणीच्या पत्र्यावर दुधी आणि काशीफळ. तुऱ्हाट्यांचा मांडव. खाली सावलीत अळू, हळद, सांबार. बांधाला शेवगा, कढीपत्ता, लिंबू. मृगात गवार, भेंडी, चवळी, अंबाडी, दोडकं. पोळ्यानंतर वांगी आणि टमाट्याची रोपं. दिवाळीच्या आसपास मेथी, पालक, मुळा, गाजर, कांद्याची पात. मेथी सगळी एकदम पेरायची नाही. दर दहा दिवसांनी हातभर पट्टी पेरायची, म्हणजे दर आठवड्याला जुडी निघते. पालक-माठ उपटायचा नाही, खुडायचा. भेंडी-गवार एक दिवसाआड तोडायचीच, झाडावर जून झाली की झाड धरणं थांबवतं. आणि ऑक्टोबरात येतो तो लोंढा. एकाच दिवशी नऊ किलो दोडकं आणि वाल! मग शेजारी वाटायचं, गवार आणि मेथी वाळवायची, कोहळ्याचे सांडगे घालायचे. वाळवण हे आपल्या आयांचं शीतगृहच होतं.

चौथी गोष्ट बियाणं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली, ती गावठी बियाणं जपण्यासाठी. त्यांचं काम परसातूनच वाढलं. वाल-घेवड्याचे कितीतरी वाण त्यांनी राखेत घालून, मडक्यात ठेवून जगवले. आमच्याकडचा काळ्या दाण्याचा वाल सासूबाईंच्या माहेरचा. तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. दर वर्षी वेलावरच्या पहिल्या चांगल्या शेंगा बियाण्याला सोडायच्या. त्यांना हात लावायचा नाही, कितीही भाजी नडली तरी.

वहीतला आकडा

दाभोळकरांचं ऐकून मी वही ठेवली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून रोज लिहायचं. मला अगदी खरा आकडा हवा होता, कारण परसबागेवर बोलणारे लोक फार फुगवून बोलतात. दुसऱ्या वर्षी, वर्षभराची बेरीज आली 312 किलो. केळी आणि पपई धरलेली नाही.

312 किलो! बेरीज तीनदा केली. अर्ध्या गुंठ्यातून आमच्या घराची निम्म्याहून जास्त गरज भागली होती. त्या वर्षी माझं हिमोग्लोबिनही वाढलं. बागेमुळेच वाढलं असं म्हणणार नाही, गोळ्याही घेत होते. पण ताटात रोज हिरवं होतं हे खरं.

मग मी त्याच वहीत दुसरा हिशोब मांडला. सरासरी 40 रुपये किलो भाव धरला तर भाजी झाली 12,480 रुपयांची. मी आणि सासूबाई मिळून रोजचा दीड तास, वर्षाचे झाले साडेपाचशेच्या आसपास तास. भागाकार केला. तासाला पडले तेवीस रुपये. बियाणं, ड्रम, विटा यांचा खर्च त्यात वजा केलेलाच नाही.

मैत्रिणींनो, हे मी मुद्दाम सांगते. कोणत्याही योजनेच्या पत्रकात हे वाक्य असतं: "महिलांनी फावल्या वेळात परसबाग फुलवावी." फावला वेळ! पहाटे पाचला उठून पाणी भरणारी, डबे करणारी, मजुरीला जाणारी, आल्यावर पुन्हा चूल पेटवणारी बाई. तिच्या दिवसात हा फावला वेळ कुठल्या खिशात असतो? करोनाच्या काळात 'उमेद' अभियानानं 'माझी पोषण परसबाग' मोहीम घेतली. गावोगाव गोल वाफ्यांच्या बागा झाल्या, त्यांचा उपयोगही झाला. बाजार बंद असताना पुष्कळ घरांत त्यावरच भाजी झाली. मोहिमेला माझा विरोध नाही. पण घराच्या पोषणाची जबाबदारी बाईवर, कष्ट बाईचे, आणि पाण्याची, जमिनीची, ताटातल्या वाटणीची गोष्ट मात्र निघायची नाही, हे चालणार नाही. रेशनवर डाळ नीट मिळावी, अंगणवाडीतला आहार खाण्यासारखा असावा, मजुरी पुरेशी असावी, या मागण्या परसबाग लावली म्हणून सुटत नाहीत.

आमच्या गटात म्हणून आम्ही दोन ठराव केले. एक, बागेला पाणी घालण्याचं काम घरातल्या पुरुषानं किंवा मुलानं करायचं. सगळ्या घरांत झालं नाही. सतरा घरांपैकी सहा घरांत टिकलं. पण सहा घरांत टिकलं! दुसरा ठराव, पहिली तोडणी विकायची नाही. हा ठराव का करावा लागला तेही सांगते. आमच्यातल्या एका बाईची मेथी इतकी सुंदर यायची की आठवडी बाजारात जाताच संपायची. एकदा मी दुपारी तिच्या घरी गेले तर ती भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खात होती. म्हटलं, मेथी? म्हणाली, "ते तर पोराच्या क्लासची फी हाय ताई, ते कशी खाऊ?" बागेनं पैसे आणले, पण तिच्या पोटात गेलं ते मिरची-मीठच. पिकवते ती आणि शेवटी जेवते तीच, ही रीत बदलली नाही तर परसात सोनं उगवलं तरी तिच्या अंगात रक्त यायचं नाही.

काकूंची बाग

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभी आहे ती सांगते.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू राहतात. वय पासष्टीच्या पुढे. त्यांच्या मालकांनी फार पूर्वी, वस्ती नव्हती तेव्हा चाळीस बाय साठचा प्लॉट घेतला होता. पुढे दोन खोल्या, मागे दीड गुंठा जागा. बावीस वर्षं काकूंनी त्या जागेत बाग केली. आम्ही सगळ्या त्यांच्याच शिष्या. शेवग्याची चार झाडं, लिंबू, सीताफळ, पेरू, आणि मांडवावर वर्षातले नऊ महिने काही ना काही लटकलेलं. गल्लीतल्या बाळंतिणीला शेवग्याचा पाला काकूंकडून जायचा. कुणाकडे पाहुणा आला की वाटीभर सांबार काकूंकडून. त्या विकायच्याही, आणि त्या पैशांतून त्यांनी लेकीची दोन बाळंतपणं केली.

मालक वारले. वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर एका सकाळी मी कामाला निघाले तर गल्लीत जेसीबी उभा. दोन्ही मुलांनी मागची जागा गाळे काढण्यासाठी द्यायचं ठरवलं होतं. काकू ओट्यावर बसलेल्या. शेवगा पडायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मांडव तर त्या यंत्रानं फाटक्या पदरासारखा ओढून नेला. बावीस वर्षांची माती दुपारपर्यंत ट्रॉलीत भरली गेली. चांगली काळी माती होती, तिलाही गिऱ्हाईक मिळालं.

मी मुलांशी भांडले. म्हटलं, आईचा हिस्सा आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं मृत्युपत्र न करता नवरा वारला तर त्याच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली सगळ्यांचा सारखा वाटा. काकू, दोन मुलगे, एक मुलगी: चौघांचे चार हिस्से. पाव जागा काकूंची, पाव मुलीची. थोरल्यानं शांतपणे आतून कागद आणून दाखवला. हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रीतसर नोंदवलेलं. आईची आणि बहिणीची सही. बहिणीनं 'माहेर तुटू नये' म्हणून दिली होती. काकूंना सांगितलं होतं की बँकेचं काम आहे.

काकू मला म्हणाल्या, "पोरी, म्या झाडं लावले, कागद नाई लावला. चूक माहीच हाय."

मी म्हटलं, काकू, चूक तुमची नाही. पण घरी येऊन रात्रभर झोप लागली नाही. कारण त्यांच्याकडे मी पाच वर्षं जात होते. रोपं आणत होते, बियाणं आणत होते, वाफे कसे करायचे ते विचारत होते. बचतगटाचं पासबुक तपासत होते. मालक हयात असताना, एकदाही, अगदी एकदाही मी त्यांना विचारलं नव्हतं की काकू, ही जागा कुणाच्या नावावर आहे. समाजकार्याचं शिक्षण घेतलेली मी! माझ्या वहीत किलो होते, ग्रॅम होते. उतारा नव्हता.

फसवून घेतलेला दस्त रद्द करून मागता येतो. फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. वकिलांशी बोलून मी काकूंना सगळं समजावलं. त्या म्हणाल्या, "पोरांवर कोर्ट करू? मंग भाकर कोन घालीन?" हा प्रश्न पुस्तकी नाही. त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आजही नाही. शेवटी गटातल्या बारा-चौदा जणी आणि काकूंचे भाऊ असे मिळून मुलांच्या घरी बसलो. दोनदा बसलो, तिसऱ्यांदा बसलो. मुलांनी गाळ्यांच्या मागे बारा बाय वीसची पट्टी आईसाठी सोडली. लिहून दिलं नाही, तोंडी. काकूंनी तिथं पुन्हा दोडकं लावलं आहे. आपल्या अहवालात असल्या गोष्टीला 'यशोगाथा' म्हणतात. मी म्हणत नाही. पाव हिस्सा जिचा, तिला दया म्हणून दोनशे चाळीस फूट मिळाले.

आमच्याच घरातला कागद

त्याच आठवड्यात मी आमच्या प्लॉटची कागदपत्रं काढली. खरेदीखत यांच्या एकट्याच्या नावावर. हप्ते दोघांच्या पगारातून गेलेले. माझ्या लक्षात कसं आलं नाही? आलं होतं. पण नवरा चांगला आहे, विषय काढला तर अविश्वास दाखवल्यासारखं होईल, असं वाटून मी गप्प बसले होते. दुसऱ्यांना सांगताना जी भीती मी 'संस्कार' म्हणून उलगडून दाखवते, तीच माझ्या घरात घोंगडं पांघरून बसली होती. मी विषय काढला. हे म्हणाले, "करू की, सह्या करायला काय लागतं?" त्या 'करू की'ला अकरा महिने लागले. भांडण झालं नाही, पण दर वेळी काहीतरी निघायचं. शेवटी सासूबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, "माह्या नावावर जल्मात काई नव्हतं. हिच्या नावावर राहू दे." दुसऱ्या सोमवारी आम्ही निबंधक कचेरीत होतो.

हे नवीन नाही

हा विचार कुणी बाहेरून आणलेला नाही, आपल्याच मातीतला आहे. शेतकरी संघटनेचं 1986 सालचं चांदवडचं महिला अधिवेशन इथल्या काही ज्येष्ठ मैत्रिणींना आठवत असेल. त्यानंतर शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम दिला. नवऱ्यानं आपण होऊन जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि ज्या गावात शंभरावर बायांच्या नावे जमीन होईल ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या बायांनी आपल्या नावच्या तुकड्यावर 'सीताशेती' केली, बाहेरून विकत काही न आणता घरासाठी पिकवायची शेती. आणि 1991 साली आपल्या शेगावच्या मेळाव्यात चतुरंग शेतीची मांडणी झाली, तिचं पहिलं अंग सीताशेती होतं. संघटनेच्या इतर धोरणांशी आपल्यातल्या अनेकींचे मतभेद होते, आजही असतील. पण एक गोष्ट तिथं नीट कळली होती, की बाईच्या हातात बियाणं देण्याआधी तिच्या नावानं जमीन पाहिजे. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं लातूर-धाराशिवकडे हेच वेगळ्या रीतीनं केलं. घरच्या जमिनीतला एक एकर बाईनं मागून घ्यायचा, त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं, आधी घराला आणि मग बाजाराला. संस्थेला 2016 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 'इक्वेटर' पुरस्कार मिळाला. बक्षिसापेक्षा मला त्यातलं 'मागून घ्यायचा' हे महत्त्वाचं वाटतं.

आणि एक कडवट गोष्टही बोलायला हवी. परस असणं हीच एक श्रीमंती आहे. भाड्याच्या खोलीत राहणारी, पालात राहणारी, गायरानावर झोपडी असलेली बाई कुठं वाफा करील? कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 1964–65 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, बाया लेकरांसकट तुरुंगात गेल्या. तो प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. आमच्या गटातल्या पाच जणींना परस नाही. त्यांच्यासाठी आम्ही अंगणवाडीमागची जागा मागितली आहे. मिळेपर्यंत आमच्या कुंपणावरचा एकेक वेल त्यांचा. हे पुरेसं नाही, हे आम्हाला कळतं.

घरी जाऊन काय करायचं

आता शेवटचं. आपण शिबिरं पुष्कळ करतो, म्हणून चारच कामं सांगते.

पहिलं काम, उतारा काढा. ग्रामपंचायतीत असाल तर नमुना आठ, नगरपालिकेत असाल तर घरपट्टीचा उतारा, आणि खरेदीखत. ग्रामीण भागात घराच्या नोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचं नाव लावायचा निर्णय शासनानं 2003 सालीच केला आहे. एक लक्षात ठेवा, नमुना आठ हा कराचा उतारा आहे, मालकीचा शेवटचा पुरावा नाही. तरी तिथं नाव असेल तर बाईला डावलून चोरून व्यवहार करणं अवघड जातं.

दुसरं काम, मालकीच्या कागदावर नाव. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्यानं बायकोला बक्षीसपत्रानं दिली तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे. वरचे कर आणि नोंदणीचा खर्च वेगळा, तो कचेरीत विचारून घ्या. नवीन घर बाईच्या नावानं घेतलं तर 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. शेतीसाठी 1992 सालचं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक आहे. नवऱ्यानं तलाठ्याकडे अर्ज केला तर सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

तिसरं काम, हक्कसोडपत्र. न वाचता सही नाही, अंगठा नाही. "बँकेचं काम आहे" म्हटलं तर कागद घरी आणायचा, गटात वाचायचा. आणि मुलींनो, 'माहेर तुटेल' म्हणून सही करताना आईकडे एकदा बघा. तुमच्या पाव हिश्श्याबरोबर तिचाही आधार जातो.

चौथं काम, पेरा. एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल की मग बाग कशाला, कागदच पुरे. तसं नाही. कागद मागायचं बळ काकूंच्या बागेनंच आम्हाला दिलं. ज्या बाईला रोज पहाटे आपण पिकवलेलं आपल्या हातानं तोडता येतं, तिचा आवाज एक पट्टी वर चढतो. हे मी सतरा घरांत बघितलं आहे. मृगाला अजून अवकाश आहे, वाफे आताच भरायला घ्या.

येताना मी थोडं बियाणं आणलं आहे. बाहेर सतरंजीवर पुड्या मांडल्या आहेत, सासूबाईंचा काळा वाल आणि काकूंचं दोडकं. प्रत्येकीनं एक पुडी न्यायची. पण आमच्या गटात एक रीत आहे. पुढच्या बैठकीला येताना बियाण्याच्या बदल्यात बियाणं आणायचं, आणि त्याबरोबर आपल्या घराचा उतारा. नाव कुणाचंही असो. आधी बघू तरी.